जुन्या पीसीतला डेटा नव्यात न्यायचाय? एक लॅन केबल बास

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीत जो तो नवा लॅपटॉप घेतोय, आणि मग दुसऱ्या दिवशी फोन येतो की भाऊ, जुन्यातले फोटो नव्यात कसे टाकू. इंदूरात तर मी बघतो, लोक ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत रात्रभर फेऱ्या मारतात, किंवा दुकानात दोन्ही मशीन उचलून नेतात आणि दुकानदार "डेटा ट्रान्सफर" म्हणून वेगळे पैसे लावतो. काही हुशार मंडळी क्लाउडवर चढवायला बसतात. गुगलवर फुकटात १५ जीबी मिळतात आणि घरातल्या लग्नाचा फोटो-व्हिडिओ डेटाच २०० जीबी असतो, तो ५० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायलाच नऊ तास, मग नव्या मशीनवर उतरवायचा तो वेगळा.

हेच २०० जीबी दोन कंप्यूटरमधे थेट लॅन केबल लावली तर अर्ध्या तासाच्या आसपास जातात. राउटर नको, इंटरनेट नको, कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. केबल लावणं हे सगळ्यात सोपं काम आहे, लोक अडकतात ते पुढे, आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा नंबर), शेअरिंग आणि पासवर्ड ह्या तीन जागी, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी केबल. साधी तयार लॅन केबल घ्या, दोन्ही टोकांना आरजे ४५ चा पारदर्शक क्लिपवाला कनेक्टर, वर कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेलं असतं, दोन्हीपैकी कोणतीही चालते. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधे कंप्यूटरची दुकानं आहेत तिथे किंवा जेल रोडला सहज मिळेल, दोन-तीन मीटरची पुरते. दुकानदार कॅट ७, कॅट ८ दाखवेल, सोन्याचं पाणी दिलेली वगैरे, घरच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही. लांबीचं म्हणाल तर लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे खालच्या मजल्यावरचा पीसी आणि वरच्या खोलीतला लॅपटॉप असंही जमतं, पण मशीन शेजारी शेजारी ठेवलेलं बरं, कारण तुम्हाला दोन्ही स्क्रीनवर सारखं बघावं लागणार.

जुने लोक सांगतील की दोन पीसी थेट जोडायला "क्रॉस केबल" लागते, साधी चालत नाही. तेव्हाच्या हिशोबाने ते बरोबर होतं. साध्या केबलमधे दोन्ही टोकांना तारांचा क्रम सारखा असतो, त्यामुळे एका मशीनची पाठवायची जोडी समोरच्याच्याही पाठवायच्याच जोडीवर येते आणि ऐकायला कोणीच नाही. क्रॉस केबलमधे एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेली असते. पण आताचे पोर्ट (मशीनवरची केबल खोचायची जागा) हे आपापलं ओळखून आतल्या आत बदल करून घेतात, त्याला ऑटो एमडीआय-एक्स म्हणतात, गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसवाल्या) पोर्टांमधे ते असतंच म्हणून समजा, आणि दोन्हीपैकी एका मशीनमधे असलं तरी भागतं. म्हणजे दोन्हीकडे खूप जुने १०० एमबीपीएसवाले पोर्ट असतील तरच क्रॉस केबल शोधायची वेळ येईल.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. दोन्हीकडे चपटी यूएसबी पिन असलेली साधी केबल मिळते, ती दोन कंप्यूटरमधे लावायची नाही. त्याने फाइली जात नाहीत आणि दोन्ही मशीन एकमेकांना ५ व्होल्ट ढकलायला लागतात, पोर्ट जळू शकतो. यूएसबीची मधे चिप असलेली ब्रिज केबल वेगळी, पण लॅन असताना तिची गरज काय.

नव्या पातळ लॅपटॉपला लॅन पोर्टच नसतो हा खरा प्रॉब्लेम आहे. त्याला यूएसबी टू लॅन अ‍ॅडॅप्टर घ्या आणि घेताना यूएसबी ३ आणि गिगाबिट हे दोन्ही शब्द डब्यावर बघूनच घ्या. स्वस्तातला यूएसबी २ वाला १०० एमबीपीएसचा निघतो आणि मग आपलं सगळं गणित बिघडतं. गणित म्हणजे असं, गिगाबिटवर हिशोबाने सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास पडतात, आणि १०० एमबीपीएसवर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे तेच २०० जीबी अर्ध्या तासाऐवजी पाच तास. जुन्या पीसीत फिरणारी हार्डडिस्क असेल तर ती स्वतःच हळू वाचते, तेव्हा गिगाबिट असूनही ७०-८० दिसले तर केबलला शिव्या देऊ नका.

आता जोडा. दोन्ही मशीन चालू, केबल दोन्हीकडे टक् आवाज येईपर्यंत आत, आणि पोर्टजवळचा छोटा लाइट लागला पाहिजे. लाइट नाही तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही, आधी केबल बदला. लाइट लागला की दोन्ही मशीन तुम्हाला "अनआयडेंटिफाइड नेटवर्क" किंवा "नो इंटरनेट" असं दाखवतील, लोक इथेच घाबरून केबल काढतात. अरे बाबा, इंटरनेट नाहीच आहे ह्या केबलमधे, तो मेसेज बरोबर आहे.

आयपी. राउटर असला की तो प्रत्येक मशीनला नंबर वाटतो, इथे वाटणारा कोणी नाही. विंडोज थोडा वेळ वाट बघतं आणि मग स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक नंबर घेतं. त्याच्यावरही काम होतं खरं तर, पण तो नंबर लक्षात राहात नाही, बदलू शकतो, म्हणून मी आपला हाताने देतो. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जी छोटी खिडकी येते तिच्यात एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करून एंटर (अक्षरं, आकडे सगळं इंग्रजीतच टाइप करायचं, इथे मी मराठीत लिहितोय तेवढंच). नेटवर्कची यादी उघडते, त्यात इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ वर डबल क्लिक. तिथे "यूज द फॉलोइंग आयपी अ‍ॅड्रेस" निवडून नव्या मशीनमधे १९२.१६८.५०.१ आणि जुन्यात १९२.१६८.५०.२ टाका, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे सोडायचे, काही म्हणजे काही टाकायचं नाही. पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा, वाडा एकच आणि खोल्या दोन, तेव्हाच ती एकमेकांना थेट हाक मारू शकतात.

५० च का? कारण घरचे राउटर बहुतेक १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वापरतात, आणि तुमचं वाय-फाय चालूच असतं. केबललाही तोच नंबर दिला तर विंडोजचा गोंधळ होतो, कुठून पाठवू, केबलने की वाय-फायने, आणि मग कधी कधी सगळा डेटा गपचूप वाय-फायवरून जातो आणि तुम्ही म्हणता केबल लावून काही फरकच नाही. वेगळा आकडा ठेवला की इंटरनेट वाय-फायवर आणि फाइली केबलवर, दोन्ही एकदम चालू राहतं.

आता शेअरिंग, आणि इथे माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेक लोक जुन्या पीसीत फोल्डर शेअर करतात आणि नव्यातून ओढतात. मी उलटं करायला सांगतो, नव्या मशीनमधे एक रिकामा फोल्डर शेअर करा आणि जुन्यावर बसून त्यात ढकला. कारण जुन्यावर तुम्ही तुमच्याच लॉगिनने बसलेले असता, तुमच्या डॉक्युमेंट्स-डेस्कटॉपवर तुमचा हक्क आहे, "अ‍ॅक्सेस डिनाइड" चा त्रास होत नाही. ओढायला गेलात की जुन्यावरच्या प्रत्येक फोल्डरची परमिशन बघत बसा. शिवाय जुनं मशीन विंडोज ७ वालं असेल, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मधेच संपलाय, तर त्याच्यावर शेअरिंग उघडून ठेवायचीच गरज पडत नाही. फायरवॉल, युजर, पासवर्ड जे काय आहे ते फक्त नव्या मशीनवर, म्हणजे निम्मं काम.

तर नव्या मशीनवर आधी एक वेगळा युजर बनवा, फक्त ह्या कामापुरता. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स (विंडोज १० मधे फॅमिली अँड अदर युजर्स), अ‍ॅड अकाउंट. विंडोज मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल, तिथे "माझ्याकडे ह्या माणसाची माहिती नाही" अशा अर्थाची छोटी ओळ असते ती दाबा, मग "मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा". नाव साधं, इंग्रजीत, मधे स्पेस नको. पासवर्ड द्यायचाच. हे महत्त्वाचं आहे कारण पासवर्ड नसलेल्या युजरला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, आणि रोज लॉगिन करताना जो चार आकडी पिन टाकता तो इथे चालत नाही. निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं, पिन टाकत बसतात आणि म्हणतात पासवर्ड चुकीचा सांगतोय. पूर्वी पासवर्डशिवाय पाहुण्यासारखं घुसता यायचं, पण विंडोज ११ च्या २४एच२ ह्या व्हर्जनपासून तेही प्रो एडिशनमधे बंद केलंय, म्हणून जुने व्हिडिओ बघून "पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग ऑफ" करण्यात वेळ घालवू नका. होमग्रुप (विंडोजमधली घरगुती शेअरिंगची जुनी सोय) शोधत असाल तर तेही सोडा, ते २०१८ मधे काढून टाकलं.

मग डी ड्राइव्हवर (नसेल तर सी वर) एक फोल्डर बनवा, नाव समजा "आवक", हेही इंग्रजी अक्षरांत. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब. तिथे दोन बटणं असतात, "शेअर" आणि "अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग". साधं "शेअर" दाबा, आताच बनवलेल्या युजरचं नाव टाकून अ‍ॅड, समोर रीड/राइट निवडा, शेअर. अ‍ॅडव्हान्स्डवाल्यातून गेलात तर शेअरची परमिशन वेगळी आणि सिक्युरिटी टॅबमधली फोल्डरची परमिशन वेगळी, दोन्ही द्याव्या लागतात, एक राहिली की फोल्डर दिसतो पण त्यात काही टाकता येत नाही. साधं बटण दोन्ही एकदम करतं.

आता फायरवॉल. अनोळखी नेटवर्कला विंडोज "पब्लिक" धरतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायसारखं दारं बंद. सेटिंग्जमधे नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज, तिथे पब्लिकखाली "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" ऑन करा. इथरनेटच्या पानावर प्रायव्हेट करायचा पर्याय दिसत असेल तर ते जास्त चांगलं, मग प्रायव्हेटखाली ऑन करा. नेटवर्क डिस्कव्हरी नाही केलं तरी चालतं, आपण थेट नंबराने जाणार आहोत. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, तिथेही बघावं लागतं.

जुन्या मशीनवर या. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंग, स्पेस, १९२.१६८.५०.१ टाकून एंटर. चार रिप्लाय आले की रस्ता खुला. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं आणि पोर्टचा लाइट चालू आहे, तर दहातले नऊ वेळा वरची फायरवॉलवाली पायरी राहिलेली असते, कारण ते शेअरिंग ऑन केलं की पिंगची परवानगीपण त्याच्याबरोबरच मिळते. मग विंडोज आणि आर दाबून \\१९२.१६८.५०.१ टाका, युजर-पासवर्ड विचारेल, नव्या मशीनवर बनवलेला तोच टाका, आणि "आवक" फोल्डर समोर. झिरो एक्स ८००७००३५ अशी एरर आली तर त्याचा अर्थ रस्ता सापडत नाहीये, पिंगकडे परत जा.

कॉपी करायला सरळ ओढून टाकलं तरी चालतं. पण डेटा मोठा असेल तर रोबोकॉपी ही विंडोजचीच कॉपीची कमांड वापरा, विंडोज ७ पासून सगळ्यात आधीच असतं. कमांड प्रॉम्प्टमधे रोबोकॉपी, मग जुन्या फोल्डरचा पत्ता, मग नव्याचा पत्ता, शेवटी स्लॅश ई, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. पत्त्यात स्पेस असेल तर तो डबल कोटमधे. स्लॅश ई म्हणजे आतले सगळे फोल्डर, आणि आर-डब्ल्यू म्हणजे एखादी फाइल अडली तर एकदा परत प्रयत्न कर आणि एक सेकंद थांब. ते दिलं नाही तर रोबोकॉपी एकेका अडलेल्या फाइलवर दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून, खरंच तसं ठेवलंय त्यांनी, कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. फायदा असा की मधे लाइट गेली, केबल निघाली, कोणी लॅपटॉपचं झाकण लावलं, तरी तीच कमांड परत चालवायची, झालेल्या फाइली तो सोडून देतो आणि राहिलेल्याच घेतो. स्लॅश एमआयआर मात्र लावू नका, तो नव्या फोल्डरमधलं जे जुन्यात नाही ते उडवून टाकतो.

सुरू करायच्या आधी दोन्हीकडे स्लीप "नेव्हर" करा आणि लॅपटॉप चार्जरवर लावा. आणि वेग जेव्हा एकदम पडतो, ११० वरून ३-४ वर, तेव्हा बहुधा हजारो बारीक बारीक फाइली चाललेल्या असतात, एकेका फाइलला उघड-बंद करण्यातच वेळ जातो. अशा फोल्डरची आधी झिप करून ती एक मोठी फाइल पाठवली की बरं पडतं.

वेग सुरुवातीपासूनच ११ वर अडकलाय आणि दोन्ही पोर्ट गिगाबिट आहेत, तर केबल बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएस चारच तारांवर चालतं. ब्रॉडबँडवाल्याचा पोरगा घाईत चारच तारा क्रिंप करून गेलेला असतो, इंटरनेटला ते कधी कळत नाही, इथे लगेच कळतं. तीच उरलेली केबल वापरू नका, तयार घ्या.

विंडोज एक्सपीवालं मशीन असेल तर ही सगळी पद्धत सोडा. एक्सपीला फाइल शेअरिंगची पहिलीच भाषा येते, एसएमबी १, आणि नवं विंडोज ती बोलत नाही. मे २०१७ मधे वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो हिच्यातल्याच भोकातून, त्यामुळे ती मुद्दाम चालू करायला कोणी सांगितलं तरी करू नका. एक्सपीची हार्डडिस्क काढा, सेटा आहे की रुंद पट्टीवाली आयडीई ते बघा, त्याचा यूएसबी कनव्हर्टर आणा आणि डिस्क थेट नव्याला जोडा.

मॅकवाल्यांनी फाइंडरमधे कमांड आणि के दाबून एसएमबी, कोलन, दोन सरळ स्लॅश आणि मग नंबर टाकायचा, उबंटूतही फाइल्समधे तेच. दोघांकडे आयपी मॅन्युअल करायचा, रोबोकॉपी तिथे नसतं म्हणून फाइली ओढून टाकायच्या, बाकी नव्या विंडोजवरचं सगळं वरचंच.

काय न्यायचं त्यात लोक दोन गोष्टी हमखास विसरतात. एक म्हणजे फॉन्ट. आमच्याकडे मध्य प्रदेशात दहा-पंधरा वर्षांपूर्वीची टायपिंग म्हणजे कृतिदेव, आणि मराठी मंडळांची पत्रकं, गणेशोत्सवाच्या पावत्या, कोणाच्या पत्रिका श्रीलिपीत. त्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि आजोबा म्हणतात फाइल खराब झाली. खराब काही नसते, जुन्या मशीनच्या विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे त्यातून ते फॉन्ट कॉपी करून नव्यात इन्स्टॉल केले की पुन्हा दिसतं. दुसरं टॅलीचा डेटा आणि आउटलुकच्या मेलची फाइल, ही दोन्ही त्यांची सॉफ्टवेअर बंद करून मगच उचला, चालू असताना कॉपी झाली तर अर्धवट येते नाही तर येतच नाही. आणि ब्राउझरमधले बुकमार्क, पासवर्ड फोल्डरमधून न्यायला जाऊ नका, ते अकाउंटच्या सिंकने आणा.

सगळं गेलं की नव्या मशीनवर फोल्डरचं शेअरिंग काढा, पब्लिकखालचं फाइल शेअरिंग ऑफ करा, तो तात्पुरता युजर डिलीट करा. मग दोन्ही मशीनवर एनसीपीए डॉट सीपीएलमधे परत जाऊन आयपी "ऑब्टेन ऑटोमॅटिकली" वर आणा. हे विसरलात तर महिनाभराने कधी राउटरची केबल त्या पोर्टात लावाल आणि इंटरनेट चालणार नाही, आणि तोपर्यंत १९२.१६८.५० कोणालाच आठवत नसतं. जुना पीसी मात्र लगेच फॉरमॅट करून भंगारवाल्याला देऊ नका, दोन्हीकडच्या मोठ्या फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे फाइलींची संख्या आणि साइज जुळतेय का बघा, थोडे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, आणि घरातल्या बाकीच्यांना विचारा की त्यांचं काही त्या मशीनवर होतं का, आत्याचा पासपोर्टचा स्कॅन नेहमी अशाच कुठल्या तरी डेस्कटॉपवर पडलेला असतो.